काका, तुमच्यामुळे चेटकिणीला चेहरा मिळाला

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल, चहा टाक" म्हणून विषय उडवून लावता, म्हणून हे उघडं पत्र. शिवाय ओळखीतली मुलं माझ्या टेबलावरचे मी रंगवलेले बुटके योद्धे आणि चेटकिणी, म्हणजे बोटभर उंचीच्या मिनिएचर फिगर, बघून विचारतात, हे कुठे शिकलीस? इंदूरच्या रामबागेतल्या एका रंगभूषाकाराकडे, असं सांगितलं की त्यांना थट्टा वाटते.

चित्रकार बेंद्रे आणि हुसेन याच इंदुरात देवळालीकर मास्तरांकडे शिकले, हे आपल्याकडे प्रत्येक जण छाती फुगवून सांगतो. पण गणेशोत्सवातल्या नाटकांसाठी ग्रीनरूममध्ये चाळीस वॅटच्या दिव्याखाली विशीतल्या पोराला म्हातारा करणाऱ्या माणसालाही प्रकाशाचं तितकंच कळत असतं, हे कोणी सांगत नाही. तेव्हा मी सांगते.

२८ मिलिमीटर मापाची चेटकीण तुम्ही पहिल्यांदा हातात घेतलीत तेव्हा रंगाचं नावही काढलं नाहीत. "हिच्यावर उजेड कुठून पडतोय?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, ट्यूबलाइटचा पडतोय की. त्यावर तुम्ही जे समजावलंत, ते मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत इतकं स्वच्छ नव्हतं. एवढ्याशा नाकाची खरी सावली डोळ्याला दिसतच नाही. रंगमंचावरही तेच होतं: समोरून दिवे पडले की चेहरा सपाट होतो, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला नाक-डोळे कळेनासे होतात. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही आपणच रंगवायचे. लेयर (एकावर एक पातळ थर), वॉश (खाचांत उतरणारा पातळ, गडद रंग), हायलाइट (उंचवट्यावरचा उजळ रंग) ही सगळी त्याचीच अवजारं आहेत, हे कळल्यावर मला त्यांचा क्रम पाठ करायची गरज उरली नाही.

तुमच्याच सांगण्यावरून मी आता प्रत्येक फिगरला आधी पूर्ण काळा प्रायमर (रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर) देते आणि मग फक्त वरून पांढरा फवारा. पांढरं कुठे बसलं ते बघितलं की उजेड कुठे ठेवायचा याचा नकाशाच मिळतो. तिथेच मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायचा, कारण बेसकोट, म्हणजे मूळ रंगाचा थर, चढला की हा नकाशा झाकला जातो. बेसकोटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका जाड थराऐवजी दोन पातळ द्यावेत, नाहीतर चिलखताच्या कड्या बुजतात.

वॉशवरून मात्र आपलं चांगलंच वाजलं होतं. या छंदातले लोक वॉशला गमतीने 'बाटलीत भरलेलं कौशल्य' म्हणतात. सिटाडेल या ब्रँडचा काळा न्यूल्न ऑइल किंवा तपकिरी अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड फिगरवर फिरवला की तो उंचवट्यांवरून ओसरतो, खाचांत जाऊन बसतो आणि सगळे तपशील एकदम उठून दिसतात. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, "अगं बेटा, सुरकुती काढायची म्हणून अख्ख्या चेहऱ्याला काजळ फासतो का आपण?" खरंच, सगळीकडे वॉश फिरवला की वरचा उजळ भागही मळकट होतो. तेव्हापासून चेहऱ्याला वॉश फक्त डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूला आणि ओठाखाली, बारीक टोकाने. पोलादाला काळा, कातड्याला आणि सोन्याला तपकिरी, त्वचेला लालसर तपकिरी. चिलखताला आणि केसाळ कातड्याला मात्र मी अजून बिनधास्त सगळीकडे फिरवते, आणि तिथे मीच बरोबर आहे.

डागांचं गणितही तुमच्या ओट्यावरच उलगडलं. साचलेल्या वॉशची कड आधी वाळते, आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि रंगाचे कण सोबत नेतं, म्हणून वाळल्यावर गोल वळ उमटतो. मे महिन्यातल्या इंदूरच्या कोरड्या झळांत हे फारच लवकर होतं. उपाय सोपा: वॉश ओला असतानाच स्वच्छ, किंचित ओलसर ब्रशने साचलेला थेंब टिपून घ्यायचा, आणि अर्धवट वाळलेल्या जागेला हात लावायचा नाही. वॉश पातळ करायला नुसतं पाणी ओतण्यापेक्षा मॅट मीडियम (बिनरंगाचं, चमक नसलेलं माध्यम) बरं. जास्त पाण्याने रंगाला धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो आणि रंग खाचेत बसण्याऐवजी थेंब करून राहतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, वॉश वाळता वाळत नाही. आणि दमट हवेत स्प्रे प्रायमर मारला तर तो खरखरीत बसतो, म्हणून सलग पाऊस असला की मी डबा उघडतच नाही.

लेयरिंगला आलो तेव्हा तुमचं शास्त्र थोडं अडलं, आणि ती संध्याकाळ मला सगळ्यात आवडली. तुमचं ग्रीझ पेंट, म्हणजे रंगभूषेचा तेलकट रंग, ओलं राहतं, बोटाने कडा मिसळता येतात. अ‍ॅक्रिलिक तेवढी सवड देत नाही. मिसळायला जावं तर खालचा थर उचकटतो. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ बघत बसलात आणि मग म्हणालात, "मग मिसळायचंच नाही. पातळ थर एकावर एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान." लेयरिंग म्हणजे नेमकं हेच. रंग दुधाइतका पातळ करायचा, ब्रश टिश्यूवर टेकवून जादा पाणी काढायचं, खाचेतली सावली तशीच सोडून मूळ रंग वर आणायचा, मग त्यात थोडा उजळ रंग घालून पुढचा थर आणखी आत. ब्रश जिथे उचलतो तिथे रंग सर्वांत जास्त साचतो, हेही तुमच्याच लक्षात आलं. म्हणून फटकारा सावलीकडून उजेडाकडे ओढायचा. पॅलेटवर रंग वाळू नये म्हणून डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंगचा कागद ठेवते, ती जुगाड काकूंना दाखवली तर त्यांनी डबा परत मागितला.

हायलाइटच्या वेळी तुम्ही मला पांढऱ्या बाटलीला हात लावू दिला नाहीत. लालात पांढरा मिसळला की गुलाबी होतो आणि योद्ध्याचा झगा बाहुलीचा वाटतो. लालाला नारिंगी, हिरव्याला पिवळा, काळ्याला निळसर राखाडी, तेही अगदी बारीक. चिलखताच्या कडेला ब्रशचं टोक नाही, बाजू फिरवायची, म्हणजे रेष आपोआप सरळ येते. कापडावर उजेड हळूहळू चढतो, धातूवर तो गडदाला लागूनच एकदम चमकतो. हा फरक दाखवायला तुम्ही स्वयंपाकघरातून पळी आणली होतीत.

पण चेटकिणीच्या सुरकुत्या! म्हातारा रंगवताना तुम्ही गडद रेषेच्या लगेच वर फिकट रेष ओढता, म्हणजे खाच आणि तिची फुगीर कड दोन्ही दिसतात. कपाळावर तेच केलं, मग नाकाच्या शेंड्यावर आणि खालच्या ओठावर एकेक ठिपका दिला. जवळून बघितलं तर भडक वाटलं. तुम्ही फिगर टेबलाच्या पलीकडे ठेवलीत आणि मला दारापाशी उभं केलंत. तिथून म्हातारी डोळे वटारून माझ्याकडे बघत होती.

तुम्ही दिलेला जुना सेबलच्या केसांचा एक नंबरचा ब्रश अजून टोक धरून आहे. मुलांनो, तीन शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशामागे धावू नका. त्याच्या पोटात रंग मावत नाही, चेहऱ्यापर्यंत पोहोचेतो टोक वाळतं. साबणाने धुवा आणि पत्र्याच्या नळीपर्यंत रंग चढू देऊ नका, काका यावर ओरडतात.

आता अडलंय ते ड्रॅगनच्या पंखांवर. पंखाचं कातडं इतकं पातळ दाखवायचंय की मागच्या उजेडाने ते आतून तांबूस दिसावं. हे वरून पडणाऱ्या उजेडाच्या हिशेबात बसत नाही. नाटकात पडद्यामागून दिवा लावता तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा कसा रंगवता? रविवारी सकाळी येते. पोहे आणि शेव मीच घेऊन येईन, काकूंना उठवू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची