सूचना : गावाचे जुने फोटो पाठवण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधीचे आपल्या वेंगुर्ल्याचे फोटो पावसाळ्यापूर्वी पाठवा: बंदर, एसटी स्टँड, शाळेचं गॅदरिंग, गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट), खळ्यात (अंगणात) काजूच्या बिया खेळणारी मुलं.

काचेला चिकटलेला फोटो कृपया ओढू नका. आपल्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढलात की चेहरा काचेवरच राहतो. फ्रेमसकट, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल फोटोला समांतर धरून टिपा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर बारकावे जातात. लॅमिनेशन नकोच.

सुट्या फोटोच्या मागच्या बाजूला नावं मऊ पेन्सिलीनेच लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. डावीकडून कोण कोण, हे घरातल्या आजी-आजोबांना आजच विचारून घ्या.