विनोदी जोडीला एकत्र पारितोषिक मिळावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदा आमच्या गावच्या जत्रेत विनोदी नाटक झाले. मध्यरात्रीनंतर पडदा पडला, तरी चहाच्या गाड्यावर तरुण मुले बराच वेळ वाद घालत होती. ‘अशी ही बनवाबनवी’ चित्रपटात मोठा नट कोण, अशोक सराफ की लक्ष्मीकांत बेर्डे, असा तो वाद होता. 1988 सालच्या चित्रपटासाठी आजची पोरे झोप मोडून भांडतात, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु हा प्रश्न मला पटला नाही, आणि त्याच्याशी आपल्या गोव्याच्या हौशी रंगभूमीचाही संबंध असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

या दोघांच्या वयात सात वर्षांचे अंतर होते. 1975 साली दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’मधून अशोक सराफ घरोघरी पोचले, तेव्हा लक्ष्मीकांत यांचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. पुढे ‘टुरटुर’ नाटकाने त्यांना रंगभूमीवर ओळख दिली आणि 1985 सालच्या ‘धूमधडाका’मध्ये हे दोघे एकत्र आले. दहा वर्षे विनोदाचे सिंहासन सांभाळलेल्या नटाने, मागून आलेल्या आणि पहिल्याच वाक्याला टाळ्या घेणाऱ्या धाकट्या नटाशी कसे वागावे, याचा धडा मला त्यानंतरच्या त्यांच्या कामात दिसतो. ‘बनवाबनवी’त भाड्याची खोली मिळावी म्हणून चौघा मित्रांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात. त्यातले लुगडे, टोप आणि सर्वांत मोठा हशा लक्ष्मीकांत यांच्या वाट्याला आला आहे. अशोक सराफ यांचा धनंजय माने चौघांचे बिंग फुटू नये म्हणून धडपडतो, थापा मारतो, मारलेली थाप निस्तरतो. लक्ष्मीकांत यांच्या परशुरामने सोंग घेतलेली पार्वती आपल्याला खरी वाटते ती समोरचा धनंजय तिच्यामुळे खराखुरा घाबरलेला दिसतो म्हणून. धनंजयाच्या चेहऱ्यावरची भीती काढून टाका, पार्वतीचे निम्मे काम पडेल. उलट, पार्वतीचा गोंधळ नसेल तर धनंजयाच्या हुशारीला करण्यासारखे काही उरणार नाही. अशा कामाची वाटणी करून लहानमोठा ठरवायचा कसा?

चित्रपट कसा घडला तेही ध्यानात घेतले पाहिजे. कथा मूळची मराठी नव्हे. हृषीकेश मुखर्जी यांच्या 1966 सालच्या ‘बीवी और मकान’वरून ती घेतलेली आहे. परंतु ‘विच्छा माझी पुरी करा’सारखे लोकनाट्य लिहिणाऱ्या वसंत सबनीसांच्या हाती ती पडल्यावर तिचा घाट पार बदलला. तमाशाच्या वगात सोंगाड्या एकटा काही करू शकत नाही, त्याला टोकणारा आणि त्याचा शब्द झेलणारा दुसरा लागतो, हे सबनीसांच्या लेखणीत मुरलेले होते. त्यात दिग्दर्शक सचिन स्वतः सुधा या दुसऱ्या बाईच्या वेषात त्याच चौघांत उभे. कॅमेऱ्यापुढे प्रेक्षक नसतो, हसण्यासाठी किती जागा सोडायची ते अंदाजाने ठरवावे लागते. रंगभूमीवर घडलेल्या नटांना हा अंदाज अंगात असतो. या चित्रपटात वाक्य संपल्यावरही दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहत राहतात आणि मगच पुढचा बोलतो. हा थांबा मैत्रीशिवाय जमत नाही, असे माझे मत आहे.

हे मत अनुभवातून आलेले आहे. गावच्या नाट्यमंडळात मी वीस-बावीस वर्षे ‘दुसऱ्या’चे काम केले. माझा जोडीदार विनोदी पात्र करी आणि मी त्याला वाक्य देत असे. हशा ओसरण्याआधी मी तोंड उघडले की त्याचे पुढचे वाक्य वाया जाई, आणि तालमीनंतर तो मला घरी नेऊन, सोलकढी पुढे ठेवून, तेवढाच तुकडा पुन्हा दहा वेळा करायला लावी. एका स्पर्धेत त्याला अभिनयाचे प्रशस्तिपत्र मिळाले, माझे नाव परीक्षकांच्या निवेदनातही नव्हते. माझ्यापेक्षा त्यालाच त्याचे जास्त वाईट वाटले होते. तो आता या जगात नाही.

आज आमची तरुण मंडळे लक्ष्मीकांत यांच्या लकबी हुबेहूब उचलतात, पण समोरच्याचे ऐकत नाहीत. यंदाच्या नाटकातही स्त्रीवेष घेतलेल्या मुलाने कंबर हलवून हशा मिळवला. ज्या गोव्यात पुरुषांनी स्त्रीपात्रे गांभीर्याने वठवली, तिथे हे पाहून मन खट्टू झाले. पार्वतीला आपण हसतो ते डोक्यावरचे छप्पर जाईल या धास्तीने तिची उडणारी तारांबळ पाहून. पणजीत किंवा म्हापशात खोली शोधणाऱ्या अविवाहित मुलांना ती धास्ती आजही सांगावी लागत नाही.

अशोक सराफ यांचे कुलदैवत आपला मंगेश. त्यांचे लग्नही मंगेशीच्या देवळातच लागले. त्यामुळे गोवेकरांना ते घरचे वाटतात. लक्ष्मीकांत 2004 सालच्या डिसेंबरात, पन्नाशीतच गेले.

माझी विनंती एवढीच आहे की, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत आणि ठिकठिकाणच्या स्पर्धांत वैयक्तिक अभिनयाच्या पारितोषिकांबरोबर जोडीच्या अभिनयासाठी एक संयुक्त पारितोषिक ठेवावे. रक्कम थोडी असली तरी चालेल, परंतु प्रमाणपत्रावर दोन्ही नटांची नावे एकाच ओळीत यावीत आणि ते घ्यायला दोघांना एकत्रच रंगमंचावर बोलवावे.

आपला नम्र,
एक हौशी नाट्यकर्मी,
फोंडा, गोवा