मे महिन्यातल्या भेगांवरून पाझराची जागा ठरवू नका

माननीय मृद व जलसंधारण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातला शेतकरी. निम्मं रान ओढ्याकाठचं, काळं, भारी. निम्मं वरच्या माळाचं, हातभर खोदलं की मुरूम लागतो. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण माळावर दोन दिवसांत वाफसा येतो आणि खाली आठवडाभर पाय रुततो. तरी आमच्या गावात पाझर तळं, म्हणजे पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पुरवायचं तळं, झालं ते काळ्या रानात.

त्या जागेत पाणी किती वेगाने मुरतं याची चाचणी झाली तेव्हा मी तिथेच उभा होतो. मे महिना, भर दुपार. लोखंडाची गोल कडी जमिनीत ठोकली, टँकरमधलं तापलेलं पाणी ओतलं. ते भराभर खाली गेलं. अर्ध्या तासात वहीत आकडा मांडून मंडळी निघून गेली. साहेब, ते पाणी मुरलं नव्हतं, भेगांत पडलं होतं! उन्हाळ्यात त्या रानातल्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत जातो. पावसाळा लागला की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि उरते ती चिकणमातीची खरी चाल, तासाला १ ते ५ मिलिमीटर. वाळूसर जमीन तासाला ३० मिलिमीटरहून जास्त पाणी पिते.

त्यात पाण्याचं तापमान कुणी बघतच नाही. पाणी थंड झालं की त्याचा चिकटपणा वाढतो. ३५ अंशांच्या पाण्यापेक्षा १५ अंशांचं पाणी दीडपटीहून जास्त चिकट असतं, म्हणजे त्याच मातीतून तितक्याच हळू उतरतं. मेमधल्या तापल्या पाण्याचा आकडा हिवाळ्यात भरलेल्या तळ्याला कसा लागू पडेल?

तळं भरलं, दिवाळीनंतरही भरलेलं दिसायचं, लोक कौतुकाने फोटो काढायचे. खालच्या विहिरींना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. पाणी उन्हाने उडून गेलं आणि तळाशी गाळाचा थर राहिला.

काळ्या मातीला मी नावं ठेवत नाही. शेततळ्याला तिच्यासारखी जमीन नाही. चांगल्या चिकण रानात पाणी प्लास्टिकच्या कागदाशिवायही टिकतं, माळावर मात्र कागद अंथरावाच लागतो. जी जमीन पाणी धरते तिथे शेततळं घ्यावं, जी पाणी पिते तिथे पाझर.

म्हणून विनंती आहे की पाझराच्या प्रत्येक कामाआधी जमीन चांगली भिजवून, वेग स्थिर होईपर्यंत चाचणी घ्यावी, मग चार-पाच तास लागले तरी चालतील. पाण्याचं तापमान नोंदवावं, आकडा २० अंशांच्या हिशोबाने काढावा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. लोखंडाची दोन कडी आणि एक थर्मामीटर, एवढाच खर्च आहे.

आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, माळाच्या पायथ्याशी, तोच ओढा मुरमातून वाहतो. तिथली चाचणी अजून कुणीही घेतलेली नाही. आपली माणसं पाठवा, कडी ठोकायला मी स्वतः येईन.

आपला,
एक शेतकरी