बाबांची रक्ताची गोळी

कोपनहेगन, रविवार

प्रिय आई,

काल फोनवर तू रडत म्हणालीस, "मीच त्यांना गोळ्या दिल्या." ते आधी मनातून काढून टाक. दादाने पाठवलेला बाबांच्या हाताचा फोटो माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाही. नुसता कॉटच्या कडेला हात टेकला आणि कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं! पण दाढ सुजली, डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहिलं आणि तू ते वेळेवर दिलंस, यात तुझं काय चुकलं? बाबांच्या हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का, हे त्यांनीच विचारायला हवं होतं.

अ‍ॅसिट्रॉम म्हणजे बाबांची ती गोळी; तिचा निचरा यकृतात होतो. मेट्रोनिडाझोल तो निचराच अडवतं. गोळी रोजचीच, पण अंगात साचत जाते. त्यात आठवडाभर बाबा नुसत्या पेजेवर. पालेभाजीतून मिळणारं व्हिटॅमिन के बंद झालं, आणि आतड्यातले जे जंतू थोडं के बनवतात त्यांनाही अँटिबायोटिकचा फटका बसतो. रक्त गोठवणारे काही घटक बनवायला यकृताला हेच के लागतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा, एरवी तीनच्या आसपास असणारा आयएनआर 7.8 वर गेला तो असा.

हे के सापडलं ते माझ्या या गावात. हेन्रिक डॅम कोंबडीच्या पिल्लांना स्निग्धांश काढलेलं खाद्य देत होते, तर पिल्लांच्या कातडीखाली रक्त साकळायला लागलं. 1929 ची गोष्ट. गोठण्यासाठीच्या डॅनिश शब्दाचं पहिलं अक्षर के, म्हणून ते नाव. पुढे 1943 चं नोबेल त्यांना मिळालं. इतकी वर्षं इथे राहून मला याचं काही वाटलं नव्हतं. आता ती पिल्लं आठवली की बाबांचा हात दिसतो.

काका म्हणतात ती गोळी कायमची बंद करा. आई, हे अजिबात ऐकू नकोस. झडपेवर गुठळी धरली तर ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या डोसने गोळी सुरू करायचीच. यापुढे कुठलंही अँटिबायोटिक आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयएनआर, आणि कोर्स संपल्यावर पुन्हा एकदा, कारण तेव्हा तो खाली घसरतो. कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनाने लिहीत जा. अंगदुखीला ब्रूफेन देऊ नकोस. दादाला मऊ ब्रश आणायला सांग.

बुधवारचा रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठव. इथे पहाट असली तरी फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
मनू