सांस्कृतिक धोरणाला एकत्रित संशोधनाचा आधार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेले राज्याचे सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये जाहीर झाले आणि त्याच्या पुनर्विलोकनासाठी डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या अहवालाला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. दोन्ही समित्यांवर जाणकार मंडळी होती, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. माझी चिंता वेगळी आहे. समिती अहवाल सादर करते आणि तिचे काम संपते. कलेचे अर्थकारण, बोलीभाषा, कारागिरी, लोककला या विषयांचे अभ्यासक त्या निमित्ताने एकमेकांना भेटतात आणि पुन्हा आपापल्या विभागात परततात. धोरणामागचे संशोधन मात्र अशा तात्पुरत्या भेटीगाठींवर उभे राहू शकत नाही.

चिकाटीचे सहकार्य काय साधते, हे जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाने दाखवून दिले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या समाजाच्या अभ्यासकांनी पुण्यात राहून, डोंगरी भागातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या साथीने हे काम उभारले. पुढे संगीत आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांतले अभ्यासक बर्नार बेल त्यात आले, ध्वनिमुद्रणे झाली, माहितीसंच तयार झाला आणि एक लाखाहून अधिक ओव्या लिहून निघाल्या. पॉइत्वाँ २००४ मध्ये गेले, त्यानंतर काही वर्षांनी हेमाताईही गेल्या, तरीही काम बंद पडले नाही; २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ओव्या कोणालाही वाचता आणि ऐकता येतात. तिथे ओवीखाली गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव, वय, जात, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते. मला ही नोंद फार मोलाची वाटते, कारण एरवी जिला नुसती ‘माहिती देणारी स्त्री’ म्हणून तळटीपेत ढकलले गेले असते, ती इथे तिच्या नावानिशी उभी आहे. गाणारी, लिहून घेणारी कार्यकर्ती, समाजशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ यांतला एक जरी नसता, तरी हे भांडार आजच्या रूपात आपल्या हाती आले नसते.

शासनाला असे सहकार्य जमत नाही असेही नाही. राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मिळून मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आणि ते संकेतस्थळावर खुले केले. युरोपातही युरोप परिषदेच्या (कौन्सिल ऑफ युरोप) पुढाकाराने १९९८ पासून विविध देशांच्या सांस्कृतिक धोरणांचा एकसमान आराखड्यात आढावा घेतला जातो. त्या त्या देशातले अभ्यासक तो लिहितात आणि वेळोवेळी अद्ययावत करतात, त्यामुळे एका देशाची दुसऱ्याशी तुलना करता येते. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नाट्यगृहांची, ग्रंथालयांची आणि तमाशा फडांची अशी तुलना एका जागी, एकाच पद्धतीने करता आली, तर अनुदानाचे निर्णय कितीतरी सोपे होतील.

म्हणून नव्या धोरणाची अंमलबजावणी करताना संयुक्त संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, अशी माझी विनंती आहे. अशा प्रकल्पात निदान दोन वेगळ्या विद्याशाखांचे अभ्यासक असावेत आणि ज्यांच्या कलेचा अभ्यास होणार आहे त्या कलावंतांना मानधन व सहलेखकाचा मान मिळावा. जमलेली सामग्री, संबंधितांची संमती घेऊन, शासनाच्या संकेतस्थळावर खुली करावी. आणि मुदत वर्षभराची नको. गावात ओळख व्हायलाच तेवढा काळ जातो, तेव्हा ती किमान पाच वर्षांची असावी.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा