कान्हेरीच्या पाट्या आधीच कोरलेल्या आहेत

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बोरिवलीत राहतो. पाऊस सरला की दोन-चार रविवार तरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांकडे जातो. मागच्या खेपेला अकरा नंबरच्या लेण्यात टेकलो होतो, तेव्हा एक गृहस्थ बायकामुलांना घेऊन आले. दालनात लांबवर गेलेले दोन बुटके दगडी कट्टे पाहून त्यांनी मुलांना सांगितले, "इथे प्रधान बसायचे आणि तिकडे समोर राजा." धाकटा लगेच राजा होऊन बसलाही. गृहस्थांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. या लेण्याला सगळेच 'दरबार' म्हणतात आणि दरबार म्हटला की राजा आलाच. खरे तर हे भिक्खूंनी एकत्र बसण्याचे दालन. वेरूळच्या पाच नंबरच्या लेण्यात असेच कट्टे आहेत. पण तिथे उभ्या असलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

लेण्यांवर क्रमांक आहेत. शंभराहून जास्त लेणी म्हटल्यावर ते हवेतच. पण नुसत्या क्रमांकाने कोणाची ओळख होत नाही. त्यात घोळ असा की जुन्या इंग्रज अभ्यासकांच्या पुस्तकांत हेच दरबार लेणे दहा नंबरचे आहे. पुस्तक वाचून आलेला हौशी माणूस भलत्याच लेण्यात शिरून कट्टे शोधतो. मीही एकदा शोधले आहेत.

संरक्षित स्मारकाची निळी पाटी मात्र देशभर एकसारखी असते. १९५८ चा कायदा, स्मारकाचे नुकसान केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे लिहिलेच पाहिजे. मात्र ज्याच्यासाठी कैद होईल ते आहे तरी काय, हेही त्याच माणसाला त्याच जागी कळायला नको का?

गंमत म्हणजे कान्हेरीवर पाट्या लावण्याची रीत अठराशे-एकोणीसशे वर्षांची जुनी आहे. लेण्यांच्या ओसरीत, पाण्याच्या टाक्यांवर ब्राह्मी या प्राचीन लिपीत कोरलेले लेख पाहा. दान कोणी दिले, तो कुठला, धंदा काय आणि दिले काय, एवढेच त्यांत थोडक्यात असते. कोणी सोनार, कोणी लोहार, कोणी व्यापारी, कोणी भिक्खुणी. गावे कल्याण, सोपारा, चौल, नाशिक. तीन नंबरच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, लेखात यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे नाव येते, पण ते काम करवले व्यापारी भावांनी. भाषा प्राकृत आणि शब्द असे की कान टवकारावेत. 'लेण' आपण अजून 'लेणे' म्हणतो. पाण्याच्या टाक्याला तिथे 'पोढी' म्हटले आहे आणि दानाला 'देयधम'. कल्याणहून दादरला गाडी बदलून इथे येणाऱ्याला भिंतीवर आपल्याच गावचा सोनार भेटला, तर तो दोन मिनिटे जास्त थांबेल असे मला वाटते.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. निदान दहा लेखांशेजारी दहा पाट्या लावा. वर मूळ ब्राह्मी ओळ, तिच्याखाली तीच देवनागरीत, मग आजच्या सरळ मराठीत अर्थ आणि शेवटी हिंदी-इंग्रजी. या लेखांची वाचने अभ्यासकांनी कधीच छापून ठेवली आहेत, नवे संशोधन करायचे नाही. मराठी मजकूर मराठी येणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यावा, यंत्राकडून नको. निव्वळ क्यूआर कोड चिकटवून मोकळे होऊ नये. डोंगरात रेंज गेली की तो ठिपक्यांचा चौकोन उरतो.

पाटी उभारताना खडकात खिळा किंवा बोल्ट ठोकू नये, हे बजावून सांगायला हवे. कान्हेरीचा खडक अजिंठ्यासारखा एकसंध बसाल्ट नाही. ज्वालामुखीतले दगडगोटे आणि राख एकत्र बांधली जाऊन तो बनला आहे, त्यामुळे पाणी मुरले की कण सुटतात. पाटी स्वतःच्या पायावर, जरा बाजूला उभी राहावी. आणि कृपा करून दिव्यांच्या अक्षरांतले 'आय लव्ह कान्हेरी' तेवढे नको.

पाटीने स्मारक कसे वाचेल, असे कोणी विचारील. अक्षरे फोटोत ठळक यावीत म्हणून त्यांवर खडू घासणारे महाभाग मी पाहिले आहेत. टाक्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगताना तर नेहमीच दिसतात. यातले निम्मे लोक तरी अजाणतेपणी करतात, ती पोढी म्हणजे कोणीतरी तहानलेल्यांसाठी दिलेले दान होते हे त्यांना माहीतच नसते. उरलेल्या निम्म्यांसाठी निळी पाटी आहेच. नाव कोरण्याची हौस काही आजची नाही म्हणा. नव्वद नंबरच्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. आज त्यांची गणना शिलालेखांत होते. हा दाखला देऊन कोणी खिळा उचलू नये, एवढीच भीती.

खरी डागडुजी तर त्या कोरणाऱ्यांनीच शिकवून ठेवली आहे. लेण्यांच्या माथ्यावर आणि पायऱ्यांच्या कडेला पन्हळी खोदल्या आहेत. पावसाचे पाणी दर्शनी भागावरून न ओघळता बाजूने टाक्यांत उतरावे, ही योजना. पन्हळी पाचोळ्याने तुंबल्या की पाणी थेट कोरीवकामावर येते. जूनच्या आत एकदा त्या मोकळ्या करणे, हे काम खर्चाचे कमी आणि आठवणीचे जास्त.

वाटांचेही तसेच. बहुतेक मंडळी तीन आणि अकरा पाहून माघारी फिरतात. चौतीसच्या छतावरचे अर्धवट राहिलेले बुद्धाचे चित्र, एक्केचाळीसमधला भारतात क्वचितच दिसणारा अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व यांच्यापर्यंत फार थोडे पोचतात. फाट्यावर एक नकाशा, कुठे किती चढ आणि किती वेळ, एवढे पुरे. गुडघे दुखणाऱ्यालाही ठरवता येईल. उद्यानातल्याच पाड्यांवरच्या वारली मुलामुलींना माहिती सांगायला तयार केले, तर त्यांना चार पैसे मिळतील आणि आम्हाला रस्ता.

अडचण ठाऊक आहे. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे वेगळे, म्हणजे खातीही दोन. पाटी कोणाच्या हद्दीत येते, यावर वर्ष निघून जाऊ शकते. सुरुवात लेण्यांच्या आवारातच करावी, तिथे हद्दीचा प्रश्न येत नाही.

मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. ब्राह्मी उशिरा शिकलो, पण लागते. माझ्या ओळखीचे आणखी तिघे-चौघे आहेत. दहा पाट्यांचा मराठी मजकूर तपासून द्यायला आम्ही विनामोबदला तयार आहोत. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार सोडून कधीही बोलवावे.

आपला,
एक वाचक,
बोरिवली (पूर्व), मुंबई