भट्टीवाल्यांचे गाऱ्हाणे वेगळे

उद्यमबागेतील फाउंड्रीच्या भट्टी कामगारांनी वाटाघाटीसाठी वेगळी चूल मांडू नये, हा आपल्या अग्रलेखातील सल्ला पटला नाही. जिथे मशीन शॉप, म्हणजे यंत्रांवर सुटे भाग घडवणारा विभाग मोठा, तिथे वितळलेले लोखंड ओतणारे आणि फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करताना, वाळूची धूळ खाणारे संख्येने थोडेच. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार अनेक संघटनांतून एकीला वाटाघाटीचा हक्क मिळण्यास हजेरीपटावरील ५१ टक्के पाठिंबा लागतो. तो कुणालाच नसेल, तर संघटनांच्या प्रतिनिधींच्या वाटाघाटी परिषदेतील जागेसाठी २० टक्के. मोजणी अख्ख्या कारखान्याची! मग सिलिकोसिसची (वाळूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची) तपासणी, उष्णतेत विश्रांती हे विषय बोनसनंतर निघतात, तेही बहुधा चहा झाल्यावर. पगारवाढीची बोलणी खुशाल एकत्र व्हावीत. सुरक्षेपुरता तरी भट्टी विभागाला स्वतंत्र वाटाघाटीचा अधिकार कायद्याने द्यावा.

– एक फाउंड्री कामगार, अनगोळ, बेळगाव